घाटाचा घाट

“कसला घाट घातलायस हा?” मुकुंदनं फोनवर विचारलं, आणि घाट चढायला निघालेल्या बायकोला आपण नेमकं काय बोललो हे ध्यानात येऊन स्वतःच खो खो हसत सुटला.

मला हसू येत नव्हतं. समोर टेबलावर इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगरांचा नकाशा पसरला होता, आणि मी ठरवलेला रस्ता त्यावर कुणीतरी रागानं पेन गिरबटल्यासारखा दिसत होता.

“एकटी कशाला पण? ऑफिसातलं कुणी घे की बरोबर.”

“ऑफिसातलं कुणी घेतलं तर ऑफिसला कळेल ना.”

“काय कळेल?”

“मला घाटाची भीती वाटते ते.”

मुकुंदला हे नवीन नव्हतं. लग्न झाल्यापासून पुण्याहून चिपळूणला माहेरी जाताना कुंभार्ली घाट सुरू झाला की मी मागच्या सीटवर आडवी होते, तोंडावर ओढणी घेते आणि घाट संपून पोफळी आल्यावर उठते. लोक कारण विचारतात. लहानपणी काही अपघात वगैरे? काही नाही. बापजन्मात आमच्या घरात कुणाला घाटात खरचटलेलंसुद्धा नाही. नाव शैला, जन्म सह्याद्रीच्या पायथ्याचा, आणि डोंगराचा रस्ता दिसला की डोळे बंद. माझे वडील म्हणायचे, हिचं नाव सपाटी ठेवायला हवं होतं.

आणि अशी मी पोटासाठी काय करते, तर मोटारींचे ब्रेक बनवते. चाकणच्या एका कारखान्यात ब्रेक पॅडच्या कामात मी केस पांढरे करायला सुरुवात केली होती. एका नव्या पॅडवर दोन वर्षं घालवली, तेव्हा कंपनीनं मला पुढच्या चाचण्यांसाठी इटलीला पाठवलं. तिथले साहेब दोनाती. माणूस सज्जन, पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा होता: ज्यानं पॅड बनवला त्यानंच गाडीत वजन भरून ती डोंगरावरून खाली आणायची. “स्वयंपाक्यानं आधी स्वतः जेवावं,” असं ते म्हणायचे. सोमवारी माझी पाळी होती. मी गाडी खाली आणली नाही, तर काम दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होतं आणि मला परतीचं तिकीट मिळणार होतं.

म्हणून हा घाट. शनिवारी भाड्याच्या गाडीनं निघायचं, एक खिंड चढून पलीकडे उतरायचं, खालच्या गावात मुक्काम आणि रविवारी तळ्याकाठच्या सपाट रस्त्यानं परत. एकटीनं. रडले तरी कुणी पाहायला नको, ओकले तरी नको.

“आणि नाही जमलं तर?” मुकुंदनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“तर सोमवारी साहेबांना सांगेन आणि आठवडाभरात घरी.”

“चालेल की. मी वरणभात लावून ठेवतो.”

त्याच्या या बोलण्यानं मला इतकं रडू आलं की फोन ठेवावा लागला.

मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचे त्या ब्रुनाबाई तेवढ्यात खालून केक घेऊन आल्या. वय सत्तरीचं, अंगानं भरलेल्या, आणि माणूस उपाशी आहे अशी कायम खात्री असलेल्या. त्यांचं लग्न त्या खिंडीपलीकडच्या गावात झालं होतं, त्यामुळे नकाशा पाहताच त्यांनी खुर्ची ओढली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला इटालियन येत होतं ते संध्याकाळच्या वर्गात शिकले तेवढं, म्हणजे दुकानात पाव मागण्यापुरतं.

“इथे झाडं,” नकाशावर पिठाचं बोट फिरवत त्या म्हणाल्या. “इथे झाडं संपली. इथे गाई. रस्त्यात बसतात. हॉर्न नको, त्यांना आवडत नाही.”

रस्त्यात बसलेल्या गाईंचं ऐकून मला जरा बरं वाटलं. तेवढं तरी आपलं.

“आणि इथे, इथे, इथे,” त्यांनी माझी पेन्सिल घेऊन वळणावळणावर चिमुकली घरं काढली. “दगडाची. एवढीशी. आत मादोन्नाची मूर्ती, फुलं, दिवा.”

“कुणाची?”

“रस्त्यावरच्यांची.”

मला नीट कळलं नाही. मी वर बोट दाखवून विचारलं, “दिओ?” म्हणजे देव.

“सी, सी. कोन दिओ,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला. मग केकचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत टाकला.

माझ्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. म्हणजे इथेही आहेत! आपल्याकडे घाटात देऊळ असतं, तिथे एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करतो, लोक खिडकीतून नाणी टाकतात, हात जोडतात. तोंडावरच्या ओढणीआडून मीही जोडते. मी तशी फार देवभोळी नाही. पण घाटात मी कशालाही हात जोडायला तयार असते.

मी मुकुंदला परत फोन केला. “अरे, इथे प्रत्येक वळणावर देव आहे!”

“झालं तर मग. सुट्टे बरोबर ठेव. पण चालत्या गाडीतून टाकू नकोस हां, तिथले पोलीस कचरा टाकला म्हणून धरतील.”

शनिवारी सकाळी मी निघाले. गाडी लहान, लाल रंगाची होती. तिथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गिअर उजव्या हाताला. पण माझा हात काही ऐकेना. गिअर बदलायची वेळ आली की डावा हात जाऊन दारावर आपटायचा. चढ सुरू होईस्तोवर माझी बोटं सोलवटून निघाली होती.

झाडं होती तोवर ठीक होतं, कारण दरी दिसत नव्हती. मी दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं चालले होते आणि मागून येणारे सायकलवाले मला ओलांडून जात होते. एक तर जाता जाता माझ्याकडे वाकून “सगळं ठीक?” असं विचारून गेला. मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर किंचाळीच निघाली असती.

पहिलं घरकुल एका अवघड वळणावर दिसलं. छातीएवढ्या उंचीचं, दगडी, आत निळ्या झग्यातली मूर्ती, प्लास्टिकची फुलं, लाल काचेतला दिवा. मी गाडी कडेला घेतली, उतरले, नाणं ठेवलं आणि हात जोडले. खाली एक नाव आणि साल कोरलेलं होतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं असतं तसंच. मला फार घरच्यासारखं वाटलं.

मग ती येतच गेली. जागा असेल तिथे मी थांबायचे, नसेल तिथे गाडीतूनच मान लववायचे. एके ठिकाणी तर मिशाळ गृहस्थाचा फोटोही बसवलेला होता. देणगी भरघोस असणार, असं मी मनात म्हटलं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वळण जितकं वाईट तितकं तिथे घरकुल हमखास. किती विचारी माणसं, मला वाटलं, जिथे माणसाला खरी गरज तिथेच देव ठेवलाय.

अशी देवाच्या बोटाला धरून मी माथ्यावर पोहोचले. तिथे वारा सुटला होता आणि गवतात खरंच गाई बसल्या होत्या. मी ब्रुनाबाईंचा केक खाल्ला. भीती गेली नव्हती, पण ती माझ्याशेजारी गप्प बसून होती, आणि तेवढंही मला पुष्कळ होतं.

खरी गंमत उतरताना असते. चढताना गाडी तुमच्या जिवावर चालते, उतारावर तिला तुमची गरजच उरत नाही. पॅड तापला की काय होतं, तेल उकळलं की पायाखालचा ब्रेक कसा पोकळ लागतो, हे सगळं मला आकृत्यांसकट पाठ होतं. ते ज्ञान त्या वेळी मला चावत होतं. पहिलाच उतार लागला. डावीकडे डोंगर, उजवीकडे हातभर कठडा आणि त्यापलीकडे काहीच नाही. कठड्याखाली, खूप खाली, एका गावाची छपरं दिसत होती.

दुसऱ्या वळणावर घरकुल दिसलं आणि शेजारी गाडी उभी करण्यापुरती जागा. मी जवळजवळ पळतच तिथे गेले. हे सगळ्यांत सुरेख होतं. ताजी फुलं, घासून पुसून लख्ख केलेला दगड. मी नाणं ठेवलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं मराठीत म्हटलं, “बाई गं, मला खाली सुखरूप जाऊ दे.”

डोळे उघडले तर शेजारी एक म्हातारा उभा होता. उंच, वाळलेला, हातात पाण्याची झारी. रस्त्याच्या कडेनं पायवाट वर येत होती, तिच्यावरून तो चढून आला असावा. तो इटालियनमध्ये काहीतरी बोलला, आणि माझा चेहरा पाहून इंग्रजीवर आला. तरुणपणी तो लंडनच्या एका हॉटेलात भांडी घासायला होता, असं त्यानं मागाहून सांगितलं.

“तू लुचियाला ओळखत होतीस?”

लुचिया. देवीचं नाव कळलं म्हणून मला बरंच वाटलं.

“नाही,” मी म्हटलं. “मी परदेशी आहे. फक्त काही मागायला थांबले.”

“मागायला? लुचियाकडे?”

“हो. मला खाली सुखरूप पोचव म्हणून.”

त्याचा हात कलला. झारीतलं पाणी त्याच्या बुटावर सांडत होतं.

“बाई,” तो म्हणाला, “लुचिया माझी मुलगी.” मग त्यानं कठड्याकडे हात केला. “ती इथून गेली. मोटारीतून.”

मला आधी शब्द कळले आणि मग अर्थ. ‘कोन’ म्हणजे ‘बरोबर’, हे मला वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ब्रुनाबाई देव म्हणाल्याच नव्हत्या. देवाबरोबर म्हणाल्या होत्या. देवाघरी गेलेले. नावं, सालं, तो मिशाळ गृहस्थ. चढावर ज्यांना ज्यांना मी हात जोडले, त्या प्रत्येकाची गाडी त्याच वळणावरून खाली गेली होती, आणि मी त्यांच्याकडे सुखरूप जाऊ दे म्हणून मागत आले होते.

मी मटकन कठड्यावर बसले आणि कठडा आहे हे लक्षात येताच किंचाळून उठले.

“माफ करा,” मी म्हटलं. “आमच्याकडे घाटात देवाची देवळं असतात. मला वाटलं तसंच. मी नाणंही ठेवलं. माफ करा.”

तो रागावला नाही. त्यानं नाणं उचललं, पाहिलं, बाहीला पुसलं आणि होतं तिथेच परत ठेवलं. “इथे कुणी काही मागत नाही,” तो म्हणाला. “तुझ्याकडून तिला मान मिळाला.”

त्याचं नाव एर्मान्नो. तो फुलांना पाणी घालेपर्यंत मी गाडीत जाऊन बसले. किल्ली लावली. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पुढे काही होईना. खाली प्रत्येक वळणावर कुणीतरी उभं असणार होतं. मागे वळावं तर वरही तेच. सोमवार, साहेब, दोन वर्षांचं काम, सगळं मनात म्हणून पाहिलं. हातांना त्याचं काही नव्हतं.

एर्मान्नो झारी घेऊन पायवाटेकडे निघाला होता. मी काच खाली केली.

“ऐका, तुम्ही खालच्या गावात राहता का? माझ्याबरोबर गाडीत येता?”

“मी गाडीत बसत नाही.”

“मला एकटीला जमणार नाही.”

“मग इथे थांब. बस येईल, तिनं जा. गाडी कुणीतरी आणेल.”

“सोमवारी मला हेच काम करायचंय हो. गाडी खाली आणायची. मी ब्रेक बनवते.”

पायवाटेवर टाकलेला पाय त्यानं मागे घेतला. “काय बनवतेस?”

“ब्रेक. गाड्यांचे.”

“तू?” त्यानं स्टिअरिंगला चिकटलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसणार. पण नाही. मग त्यानं गाडीला वळसा घातला, दार उघडलं, झारी मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

अशी आमची वरात निघाली. दोघांतलं अधिक कोण घाबरलंय ते सांगता आलं नसतं. पहिला गिअर, चालणाऱ्या माणसाची गती. तो डोळे मिटूनच बोलत होता. रस्त्याची वळणं त्याला अंगानं ठाऊक होती.

“आता पिएरो येईल, डावीकडे. दारू प्यायचा. पुढे दोन जर्मन, मोटरसायकलवाले. त्यांचे आईबाप दर उन्हाळ्यात येतात. आता सरळ आहे, श्वास घे.”

मी श्वास घेतला. तो नावं सांगत गेला तसतसा माझा धसका थोडा कमी होत गेला, कारण ती आता भुतं राहिली नव्हती, गावातली माणसं झाली होती. मी दुसरा गिअर टाकला. उजव्या हातानं, पहिल्याच प्रयत्नात. मला वाटलं, जमेल. सोमवारही जमेल.

आणि पुढच्या वळणावर बस आली.

ती अख्खा रस्ता व्यापून वळत होती. तिचं नाक माझ्यासमोर, आणि बाजूला कठडा. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. थांबायचं, एवढंच करायचं होतं. बसच्या काचेतून ड्रायव्हरचं उघडलेलं तोंडसुद्धा मला दिसलं. आणि माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरच्या बाजूला होता तिथेच राहिला. तो कुणा दुसऱ्याचाच पाय असावा तसा. गाडी उतारानं आपल्या मनानं चालली होती.

“फ्रेना!” एर्मान्नो ओरडला. ब्रेक! मग झारी माझ्या अंगावर पडली आणि त्यानं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडीनं गचका दिला, मागचा भाग घसरला, इंजिन बंद पडलं. कठड्याला बंपर लागल्याचा आवाज आला, वाटी भांड्याला लागावी एवढाच. बस आम्हाला चाटून हॉर्न वाजवत वर निघून गेली.

गाडीत पाणीच पाणी झालं होतं. मी रडत होते.

“का नाही दाबलास?” एर्मान्नो ओरडत होता. पांढराफटक पडला होता तो. “ब्रेक बनवतेस ना? समोर बस दिसत होती ना? का नाही दाबलास?”

“दाबायचा होता!”

“मग?”

“पाय गेला नाही. मला थांबायचं होतं हो, मी मनात दाबला होता. पाय गेलाच नाही.”

तो माझ्याकडे वळला.

“परत सांग,” तो म्हणाला.

“काय?”

“आत्ता म्हणालीस ते.”

“मला थांबायचं होतं. भीतीनं पाय उचललाच गेला नाही. मनात मी दाबला होता.”

त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. मला वाटलं, त्याला काही तरी झालं. मी त्याच्या खांद्याला हात लावला, तर ते म्हातारं अंग हुंदक्यांनी गदगदत होतं.

मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. लुचिया गेली तेव्हा रस्ता कोरडा होता, ऊन होतं, गाडी चांगली होती. पोलिसांनी रस्ता पाहिला, गाडी वर काढून तपासली. ब्रेक शाबूत होते. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. त्यांनी लिहिलं, ब्रेक दाबलेलाच नाही. त्याच वसंतात तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. एवढं गावाला पुरेसं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगी आपल्या मनानं गेली.

“तेरेझानंही,” तो म्हणाला. तेरेझा म्हणजे त्याची बायको. “ती वर एकदाही आली नाही. म्हणते, ज्या मुलीला आपल्यापाशी राहायचं नव्हतं तिच्यासाठी दिवा कशाला लावू? लुचिया डोंगरातली पोर. पण ती गाडी चालवायला भ्यायची. तुझ्यासारखी. दर वेळी दरवाजातून मला विचारायची, बाबा, तुम्ही येता का बरोबर? त्या दिवशी गवत कापायचं होतं म्हणून मी गेलो नाही.”

मी नाक पुसलं. तिचंही माझ्यासारखंच झालं असणार, असं त्याला खुशाल सांगून टाकावं असा त्या क्षणी मला मोह झाला. नाही सांगितलं.

“तुमच्या मुलीचं मला माहीत नाही,” मी म्हटलं. “मी तिथे नव्हते. पण खूण नाही म्हणजे तिला थांबायचं नव्हतं, असं ब्रेकवरून कुणालाही सांगता येत नाही. मला सांगता येणार नाही, पोलिसांनाही नाही. आत्ता तुम्ही शेजारी नसता, तर आपल्या मागेही खूण राहिली नसती. आणि मला थांबायचं होतं.”

“तुला थांबायचं होतं,” तो म्हणाला.

“हो. जिवापाड.”

मी सीटवरचं पाणी रुमालानं पुसलं. मग मी गाडी सुरू केली, कारण दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. राहिलेल्या उतारावर मी सबंध वेळ उजवा पाय ब्रेकवर टेकवून ठेवला. पाय अंगाला जोडलेला आहे ना, याची मला दर वळणावर खात्री करून घ्यावी लागत होती. एर्मान्नोनं डोळे उघडे ठेवले होते. त्यानं आता कुणाचीही नावं सांगितली नाहीत.

सोमवारची चाचणी मी दिली. आधी साहेबांना खरं काय ते सांगितलं, म्हटलं, मला भीती वाटते, शेजारी कुणी तरी बसा. नियमात तसं नव्हतं. दोनातींनी थोडा विचार केला आणि स्वतः येऊन बसले. मी गाडी खाली आणली. पॅड पास झाला आणि आज तो बऱ्याच गाड्यांत आहे. माझी भीती होती तिथेच आहे. कुंभार्लीत मी अजून आडवी होते, मुकुंद अजून हसतो. त्या खिंडीचं नाव मात्र मी कुणाला सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून त्याच गावात राहतात.

त्या शनिवारी दुपारी एर्मान्नोच्या घरासमोर गाडी थांबवली तेव्हा दारात एक ठेंगणी बाई आली. काळा ॲप्रन, ओले हात. नवऱ्याला मोटारीतून उतरताना पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. तो तिच्याजवळ गेला आणि त्यांच्या बोलीत भराभर बोलू लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं. मधेच त्यानं माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःचा उजवा पाय दाखवला, आणि तो पाय जमिनीला खिळलाय, उचलत नाहीये, असं करून दाखवलं. एकदा, दोनदा. त्या बाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला वाटलं, आता ती आत निघून जाईल.

ती गाडीकडे आली. माझ्या बाजूचं दार तिनं उघडलं आणि रस्त्यावर गुडघे टेकून बसली. तिनं माझा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. तो अजून लटलटत होता. आईच्या वयाची बाई आपल्या पायाला हात लावतेय म्हटल्यावर मी मागे सरायला हवं होतं, “अहो, हे काय करता” म्हणायला हवं होतं. आपल्याकडे कुणीही तेच केलं असतं. पण तिनं तो पाय असा धरला होता की मला तो ओढून घेता येईना. तिचे ओले हात गार होते. ती माझ्याकडे बघतही नव्हती. त्या पायाकडे बघत ती पुन्हा पुन्हा एकच नाव घेत होती, आणि पाय थरथरायचा थांबेपर्यंत तिनं तो सोडला नाही.